आकडा आणि आयुष्य : लढाऊ वैमानिकाच्या चरित्रलेखनाचे निकष

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन याचे नाव घेताच ८० हा आकडा पाठोपाठ येतो. पाडलेल्या विमानांची ही संख्या त्याच्या चरित्राचा सारांश मानली जाते. त्याच युद्धात, त्याच सोम प्रदेशात मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा वैमानिकही कामी आला. त्याचे नाव मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. या दोन कारकिर्दींच्या आधारे वैमानिकाच्या चरित्रलेखनातील आकड्याच्या प्रामाण्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आकड्याची घडण

रिश्टहोफेन मूळचा घोडदळातील अधिकारी. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याच्या नावावर पहिला विजय नोंदला गेला. जानेवारी १९१७ मध्ये १६ विजयांनंतर त्याला प्रशियाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यापूर्वी याच सन्मानासाठी ८ विजय पुरेसे ठरत होते. म्हणजे शौर्याचे माप शासन ठरवीत होते आणि गरजेप्रमाणे बदलीतही होते. १९१७ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथाकडे केवळ आत्मचरित्र म्हणून पाहता येत नाही. तो युद्धप्रचाराचाही भाग होता, हे समीक्षकाने विसरता कामा नये.

शिवाय दोन्ही पक्षांचे आकडे एका तागडीत तोलता येत नाहीत. जर्मन वैमानिक बहुधा स्वतःच्या ताब्यातील भूमीवर लढत. पाडलेल्या विमानाचे अवशेष पुरावा म्हणून हाती येत. ब्रिटिश वैमानिक शत्रूच्या हद्दीत जाऊन लढत; त्यामुळे नियंत्रण सुटून खाली गेलेले विमानही त्यांच्याकडे विजय म्हणून धरले जाई. ‘विजय’ या शब्दामागे माणसेही झाकली जातात. रिश्टहोफेनने पाडलेल्या विमानांत दोन आसनी टेहळणी विमाने बरीच होती. तेथे एका आकड्यात दोन आयुष्ये सामावलेली असत.

वेलिणकर : आकड्याबाहेरचा वैमानिक

त्या काळी ब्रिटिश सैन्यात भारतीयांना अधिकारपद मिळणे दुरापास्त होते. हरदितसिंग मलिक यांना १९१७ मध्ये वैमानिक दलात प्रवेश मिळाला, तोही ऑक्सफर्डमधील आपल्या अध्यापकांच्या मध्यस्थीने. अशा मोजक्या भारतीयांपैकी वेलिणकर एक होता. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन विमान चालवीत असे. २७ जून १९१८ रोजी तो गस्तीवरून परतला नाही. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडला आणि ३० जून रोजी बंदिवासातच मरण पावला. फ्रान्समधील हांगार येथे त्याची कबर आहे.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जुलै १९१८ मध्ये, इंद्रलाल रॉय याने १० विजय मिळविले आणि २२ जुलै रोजी त्यालाही मृत्यू आला. रॉयचे नाव इतिहासाने जपले, ते योग्यच झाले. परंतु वेलिणकरचे नाव मागे पडण्याचे एक कारण त्याच्यापाशी सांगण्याजोगा आकडा नव्हता हे होय. वास्तविक जे अधिकारपद वंशाच्या आधारे नाकारले जात होते ते मिळविणे, आणि जे साम्राज्य आपल्याला समान मानत नाही त्याच्यासाठी प्राण देणे, हा पेच कोणत्याही विजयसंख्येपेक्षा चरित्रकाराला अधिक आव्हान देणारा आहे.

वीरगळाचा निकष

महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांवर खालच्या थरात लढाई वा मृत्यू, मध्ये स्वर्गारोहण आणि वर देवपूजा असा क्रम सामान्यतः दिसतो. वीराने किती मारले यापेक्षा तो कसा पडला, हे तेथे महत्त्वाचे ठरते. मात्र या परंपरेचाही आंधळा गौरव करता येणार नाही. अनेक वीरगळांवर नाव नाही. मृत्यूचे उदात्तीकरण होते आणि जगलेले आयुष्य हरवते. आकडा माणसाला संख्येत विरघळवतो, तर वीरगळ त्याला प्रतिमेत गोठवतो.

निष्कर्ष

विजयसंख्या हे चरित्राचे एक साधन आहे, निकष नव्हे. ती कोणी, कोणत्या नियमांनी आणि कशासाठी मोजली हे सांगितल्याखेरीज तिला पुराव्याचे मोल येत नाही. इतिहास व साहित्याच्या अध्यापनात रिश्टहोफेनशेजारी वेलिणकर ठेवून वाचल्यास, ज्याच्या नावापुढे आकडा नाही त्याचे आयुष्य कसे लिहावे, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. चरित्रवाङ्मयाची खरी कसोटी तेथेच लागते.