मोंबासातले ठाण्याचे जहाज

संग्रहालय हेही एक पुस्तकच असते. कोणती वस्तू मांडायची आणि कोणती तिच्या शेजारी ठेवायची, हे कुणीतरी ठरवलेले असते. म्हणून केनियातील मोंबासाचा फोर्ट जीझस आम्ही पाहिला, तो पुस्तक वाचावे तसाच.

पोर्तुगीजांनी हा किल्ला १५९३ ते १५९६ या काळात प्रवाळाच्या दगडात उभारला. आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियन स्थपतीचा. तो पोर्तुगीज हिंदुस्थानच्या सेवेत होता. १८९५ ते १९५८ इथे तुरुंग होता, १९६२ पासून संग्रहालय आहे. २०११ मध्ये किल्ल्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला.

मराठी माणसाचे पाऊल अडते ते 'सांतो आंतोनियो दे तान्ना' या युद्धनौकेच्या अवशेषांपाशी. तान्ना म्हणजे आपले ठाणे. वसईला सागवानात बांधलेले हे जहाज वेढ्यात अडकलेल्या किल्ल्याला कुमक घेऊन आले आणि ऑक्टोबर १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडाले. १९७७ ते १९८० या काळात पाणबुड्या संशोधकांनी त्याचे उत्खनन केले.

तो वेढा ओमानच्या अरबांचा. मार्च १६९६ ते डिसेंबर १६९८, तेहतीस महिने. ही कहाणी सहसा क्रूस आणि चाँद यांची लढाई म्हणून सांगितली जाते. पण तपशील ऐका. रोगराईने पोर्तुगीज सैनिक एकेक करून मेले, तेव्हा १६९७ मध्ये काही काळ किल्ला लढवला तो फाझाच्या शेख दाऊदने. सोबत त्याचे सतरा नातलग, आठ आफ्रिकी पुरुष आणि सुमारे पन्नास आफ्रिकी स्त्रिया. म्हणजे ख्रिस्ती राजाचा किल्ला एका मुसलमानाने मुसलमानांविरुद्ध राखला.

त्याआधी १६३१ मध्ये सुलतान यूसुफ बिन हसनने हाच किल्ला पोर्तुगीजांकडून हिसकावला होता. तो गोव्यात वाढलेला, बाप्तिस्मा घेऊन दों जेरोनिमो झालेला. उठाव करताना तो पुन्हा इस्लाममध्ये आला. कुणी याला दीनचा विजय म्हणेल. पण त्याच्या वालिदांचा खून पोर्तुगीजांच्या कारस्थानाने झाला होता, हे विसरून तो उठाव कळणार नाही. सत्तेचे हिशेब मजहबाच्या एकाच खान्यात बसत नाहीत.

संग्रहालय या वाचकीय प्रकाराची मर्यादाही इथेच कळते. तोफ टिकते, चिनी बशी टिकते. त्या पन्नास स्त्रियांचे काय टिकले? ज्यांच्या मालकीचे काही नव्हते, त्यांच्यासाठी काचेच्या पेटीत ठेवायला काही उरत नाही. त्यांना शोधायचे तर वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागा वाचाव्या लागतात.

ही टीका आम्ही दुसऱ्यावर करून मोकळे होणार नाही. आपल्या जंजिऱ्यात आजही इतिहास बव्हंशी नावाड्याच्या तोंडून ऐकावा लागतो. सिद्दी आफ्रिकेतून आले, पिढ्यान्‌पिढ्या कोकणच्या पाण्यावर राहिले, तरी गोष्टीत ते उरतात फक्त शत्रू म्हणून. आणि मुसलमानाला विचारले जाते, 'तुमचे लोक कोणत्या बाजूला होते?'

आपले उत्तरही तितकेच थिटे असते. आपले पूर्वज अरब व्यापारी होते, असे आपण मोठ्या हौसेने सांगतो. सागवान तासणारा सुतार, शीड ओढणारा खलाशी, किल्ल्यात पाणी वाहणारी बाई यांचा वारसा सांगायला कुणी पुढे येत नाही. खानदान सिद्ध करण्याच्या नादात आपणही तोफा आणि बशाच मांडतो.

वसईचे ते सागवान समुद्राच्या तळाशी दोनशे ऐंशी वर्षे पडून होते. ते कोणत्या बाजूचे होते, हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. ते कुणाच्या हातांनी घडले, एवढे विचारले तरी इतिहास आपल्या घरापर्यंत येईल.