निद्रामापनाची मुक्त साधने आणि किल्लारीचा प्रश्न

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गावे झोपेत असल्याने हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली सापडली. अशा आपत्तीनंतर आदल्या रात्री जनावरे अस्वस्थ होती, असे सांगितले जाते. ही साक्ष प्रामाणिक असली तरी ती मागाहूनची आठवण होय, मापन नव्हे.

जपानमधील कोबे येथील १९९५ च्या भूकंपापूर्वीच्या उंदराच्या दैनिक लयीसंबंधी योकोई प्रभृतींचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे आठवणीची जागा नोंदीने घेतली, हा मोठाच लाभ होय. परंतु घटना घडल्यावर तपासलेल्या नोंदीवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. भूकंप न होताही अशी अस्वस्थता किती वेळा दिसते, हा मूळ प्रश्न उरतोच. त्यासाठी दीर्घकालीन नोंदी हव्यात, आणि त्या हाताने वाचणे दुष्कर आहे.

या दृष्टीने २०१९ मध्ये बार्जर प्रभृतींनी मांडलेली 'अ‍ॅक्युस्लीप' ही मुक्त आज्ञावली विचारार्ह ठरते. उंदराच्या मेंदूच्या व स्नायूंच्या विद्युत्‌-आलेखांवरून ती जागृती, स्वप्ननिद्रा व इतर निद्रा यांची विभागणी करते. तिची रचना कोणासही तपासता येते, हा तिचा निर्विवाद गुण. तथापि ती ज्या मॅटलॅब प्रणालीवर उभी राहिली, ती विकत घ्यावी लागते. म्हणजे आरंभी तरी हे मुक्तत्व अपुरेच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक प्राण्याच्या आलेखाचा थोडा भाग संशोधकाने स्वतः वाचून आज्ञावलीस मापदंड पुरवावयाचा असतो. हा मापदंड रोज नव्याने ठरविला, तर त्या दिवसाचे वैचित्र्यच सामान्य ठरण्याचा संभव आहे. आपल्या प्रश्नापुरता तो शांत दिवसांवरूनच ठरविला पाहिजे.

एकूण अचूकतेचा आकडाही फसवा असतो. शंभर क्षणखंडांत स्वप्ननिद्रेचे सहाच असतील, तर ती मुळीच न ओळखणारी आज्ञावलीही ९४ टक्के अचूक ठरेल. म्हणून प्रत्येक अवस्थेची अचूकता स्वतंत्रपणे दिली पाहिजे.

सारांश, साधन मुक्त असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. मूळ आलेख, मापदंडाचा दिवस आणि निष्फळ ठरलेल्या नोंदी याही खुल्या हव्यात. किल्लारीच्या मृतांविषयीचा आदर आपल्या शास्त्रास याहून कमी कसोटी लावू देत नाही.