पहिल्या आवृत्तीची साक्ष

ग्रॅहम ग्रीन यांच्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमविणारे छांदिष्ट इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. या छंदाकडे आम्ही अनेक वर्षे काहीशा तुच्छतेने पाहत आलो. सेमिनरीत आम्ही ग्रीन वाचले ते पुठ्ठा निखळलेल्या, अनेक हातांतून गेलेल्या पेपरबॅक प्रतींतून. पाठलाग, खून, पकडले जाण्याची भीती आणि या सर्वांच्या तळाशी चाललेली आत्म्याची तगमग, यांत त्या फाटक्या पानांमुळे काडीचेही उणे आले नाही. मग त्याच कथेसाठी कोणी हजारो पौंड का मोजावेत? हा प्रश्न आम्हांस बिनतोड वाटे. आज मात्र तो तितका बिनतोड वाटत नाही.

प्रथम या छंदाची रीत पाहू. ग्रीन आपल्या थरारकथांना 'एंटरटेनमेंट', म्हणजे निव्वळ मनोरंजन, असे नाव देत. 'ब्रायटन रॉक' हे त्यांचे गाजलेले पुस्तक अमेरिकेत १९३८ साली असेच 'एंटरटेनमेंट' म्हणून प्रसिद्ध झाले, आणि पाठोपाठ लंडनच्या हाइनमान प्रकाशनाने ते कादंबरी म्हणून काढले. संग्राहक शीर्षकपानाच्या पाठीमागे प्रथम प्रसिद्धीचे साल पाहतो आणि पुढील पुनर्मुद्रणांचा उल्लेख नाही याची खात्री करून घेतो. मग तो पाहतो वरचे कागदी वेष्टन. त्या काळी हे वेष्टन धुळीपासून बचावापुरते मानले जाई. वाचक ते फेकून देत. म्हणूनच 'ब्रायटन रॉक'ची वेष्टनासह प्रत आज दुर्मीळ आहे, आणि वेष्टन नसलेल्या प्रतीहून तिची किंमत कितीतरी पट अधिक असते.

आमचा पहिला आक्षेप येथेच आहे. या बाजारात जी प्रत कोणी उघडली नाही ती श्रेष्ठ, आणि जी सार्वजनिक ग्रंथालयातून शंभर घरी फिरली, जिच्यावर शिक्के बसले, ती हलकी. जिने पुस्तकाचे काम केले तिलाच कमी भाव! स्वतः ग्रीन मात्र निराळ्या जातीचे संग्राहक होते. जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळण्याचा त्यांना नाद होता. डोरोथी ग्लोव्हर यांच्यासह त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील गुप्तहेरकथा जमविल्या, आणि त्या संग्रहाची सूची १९६६ साली अवघ्या ५०० प्रतींत छापली गेली. त्यांचे खाजगी ग्रंथालय, सुमारे तीन हजार पुस्तकांचे, आज अमेरिकेतील बॉस्टन कॉलेज या जेझुइट विद्यापीठात आहे. अभ्यासक तेथे जातात ते कोऱ्या पानांसाठी नव्हे, तर ग्रीन यांनी पुस्तकांत केलेल्या खुणा व टिपणे वाचण्यासाठी. संग्राहकाला जो डाग वाटतो, तोच तेथे ठेवा ठरला आहे.

असे असूनही पहिल्या आवृत्तीचे महत्त्व आम्ही आता मान्य करतो, आणि त्याची कारणे किंमतीत नसून मजकुरात आहेत.

'द नेम ऑफ ॲक्शन' (१९३०) आणि 'रूमर ॲट नाइटफॉल' (१९३१) या आपल्या दोन कादंबऱ्या ग्रीन यांना इतक्या फसलेल्या वाटल्या की त्यांचे पुनर्मुद्रण त्यांनी कधीच होऊ दिले नाही. लेखकाच्या अपयशातून शिकू पाहणाऱ्याला त्या जुन्या प्रतींवाचून गत्यंतर नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १९३८ च्या 'ब्रायटन रॉक'मध्ये टोळीनायक कोलिओनी आणि त्याच्या भोवतालची माणसे यांचे वर्णन करताना ज्यूंविषयी तुच्छतेचे शब्द आले आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. पुढे युरोपात जे घडले ते पाहिल्यावर ग्रीन यांनी नंतरच्या आवृत्त्यांत ते शब्द बदलले. आज वाचक जे पुस्तक विकत घेतो त्यात पहिल्या पुस्तकातला तो विखार तसाच्या तसा सापडत नाही.

बदल योग्यच होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु केवळ सुधारलेली प्रत उरली असती तर आपण समजलो असतो की एवढा संवेदनशील कॅथॉलिक लेखक अशा द्वेषापासून मुक्तच होता. तो नव्हता. आणि आपणही नव्हतो: गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत ज्यूंना उद्देशून असलेला 'अविश्वासू' हा कठोर शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकला, तोवर तो शतकानुशतके आपल्या वेदीपुढे उच्चारला जात होता. पापनिवेदनात क्षमा मिळते ती पाप कबूल केल्यावर, ते घडलेच नाही असे म्हटल्यावर नव्हे. जुनी प्रत कपाटात जपणारा संग्राहक, त्याला ठाऊक असो वा नसो, हा कबुलीजबाब जपत असतो.

याच्या अगदी उलट उदाहरण 'द पॉवर अँड द ग्लोरी'चे. मेक्सिकोतील धर्मछळाच्या काळात दारूच्या आहारी गेलेला एक धर्मगुरू पोलिसांपासून पळत राहतो, तरी संस्कार देण्याचे सोडत नाही, अशी ही कथा. १९४० साली तिच्या सुमारे ३,५०० प्रतीच निघाल्या होत्या. १९५४ साली कार्डिनल ग्रिफिन यांनी ग्रीन यांना रोमच्या होली ऑफिसचा प्रतिकूल अभिप्राय कळविला. पुस्तकात दुरुस्ती व्हावी अशी अपेक्षा होती. हक्क प्रकाशकांकडे आहेत, असे नम्र उत्तर देऊन ग्रीन यांनी ती टाळली. पुढे १९६५ साली पोप सहावे पॉल यांची भेट झाली असता, आपल्या पुस्तकांतील काही भाग काही कॅथॉलिकांना नेहमीच खटकतील, त्याची फिकीर करू नये, असे पोपमहोदयांनी त्यांना सांगितले. आम्ही धर्मगुरू असल्याने त्या कथेतील धर्मगुरू आम्हांस अस्वस्थ करतो. तसा तो केला नसता तर पुस्तक वाया गेले असते.

एकच लेखक एका पुस्तकात विवेकापुढे वाकला आणि दुसऱ्यात दडपणापुढे वाकला नाही. पहिली आवृत्ती व नंतरची आवृत्ती शेजारी ठेवल्यावाचून या दोन्ही गोष्टी दिसणार नाहीत. ग्रीन यांच्यावरील टीकेचे निम्मे काम या तुलनेत आहे, असे आमचे मत आहे.

पहिली प्रत हरवली म्हणजे काय होते, हे मराठी ख्रिस्ती वाचकांना कोणी दूरदेशीच्या दाखल्यांवरून सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोल येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. उरली ती हस्तलिखिते. रोमन लिपीतील परंपरेत पोर्तुगीज-लॅटिन वळणाच्या संज्ञा आहेत, तर लंडनच्या मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात त्या जागी संस्कृत संज्ञा. फादरांनी मूळ कोणते शब्द लिहिले, यावर विद्वान आजही वाद घालतात. १६१६ ची एक प्रत, वाळवी लागलेली, वेष्टनावाचूनची का होईना, कोणा घराने जपली असती तर हा वाद मिटला असता.

म्हणून संग्राहकांना आमचे सांगणे एवढेच: पुस्तक जपा, पण वाचा, वेष्टनापेक्षा मजकूर मोलाचा माना. आणि आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना विनंती: आजोबांच्या ट्रंकेतील जुनी प्रार्थनापुस्तके, गीतसंग्रह व मासिके रद्दीत घालण्यापूर्वी शीर्षकपान उलटून त्याच्या पाठीमागचे साल एकदा वाचावे.