मनकवडा हेर आणि आपला वाचक

रहस्यकथेचा वाचक मराठी समीक्षेने कधी माणसात धरला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे गिरणगावातल्या कामगारापासून सदाशिव पेठेतल्या कारकुनापर्यंत सर्वांना पाठ होती. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत पोचला. नारायण धारपांचा समर्थ माणसाच्या मनापलीकडच्या शक्तींशी झुंजत राहिला. परंतु या पुस्तकांवर वाचक काय बोलतो हे कोणी विचारले नाही. ‘रंजनपर वाङ्मय’ असा शिक्का मारला की प्रस्थापित समीक्षेचे काम संपते. हा शिक्का पुस्तकावर जेवढा बसतो तेवढाच वाचकावरही बसतो. वाचकाला काही कळत नाही, तो केवळ वेळ घालवतो, असे त्यात गृहीत असते. हे गृहीतच तपासण्याची गरज आहे.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात काष्टी हे गाव आहे. शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे. या भागातल्या मुलामुलींना शिकवताना, रहस्यकथेचा विषय निघाला म्हणून, मी त्यांना एका परदेशी कादंबरीचे कथानक चार तास मराठीतून सांगितले. अल्फ्रेड बेस्टर या अमेरिकन लेखकाची ‘द डिमॉलिश्ड मॅन’ ही ती कादंबरी. १९५२ साली ती मासिकातून क्रमशः आली, १९५३ साली तिला विज्ञानकथेचा पहिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तपास, पाळत, फितुरी आणि सांकेतिक निरोप हा हेरकथेचा सगळा ऐवज तिच्यात आहे. वर आणखी एक गोष्ट आहे. तिच्यातले काही लोक दुसऱ्याचे मन वाचतात.

कथा भविष्यातली आहे. मन वाचणारे लोक पोलिसांत, डॉक्टरकीत, उद्योगांत नोकरीला आहेत, त्यामुळे सत्तर वर्षांहून अधिक काळ ठरवून केलेला खून पचलेला नाही. बेन राइक नावाचा बडा उद्योगपती प्रतिस्पर्ध्याचा खून करायचे ठरवतो. मन वाचणाऱ्यांना चकवण्यासाठी तो एक खुळचट, पण डोक्यातून न जाणारे गाणे स्वतःच्या मनात घोळत ठेवतो. लिंकन पॉवेल हा मनकवडा पोलीस अधिकारी त्याचा माग काढतो. राइकने खून केला हे पॉवेलला त्याच्या मनातून कळते, पण मनातून काढलेला पुरावा न्यायालयात चालत नाही. म्हणून त्याला बाहेरचा पुरावा शोधावा लागतो. शेवटी राइकला ‘डिमॉलिशन’ची शिक्षा होते. म्हणजे फाशी नव्हे, त्याचे व्यक्तिमत्त्वच पुसून नव्याने घडवायचे.

कथानक संपल्यावर मुले जे बोलली ते मला या लेखाचा खरा विषय वाटते. बहुतेकांना गाण्याची युक्ती आवडली. एकाचे म्हणणे पडले, “असा अधिकारी आपल्या देशाला पाहिजे सर, सीमेवरचे सगळे हेर एका दिवसात सापडतील.” दुसरा विज्ञानाचा विद्यार्थी. त्याच्या मते हे सगळे थोतांड, मन वाचता येत असते तर अमेरिकेने कधीच वाचले असते. (त्याचे म्हणणे खोटे नाही. अमेरिकी गुप्तहेर खात्याने अतींद्रिय शक्तींवर १९७०च्या दशकापासून पैसा घातला आणि हेरगिरीला त्याचा उपयोग नाही म्हणून १९९५ साली तो प्रकल्प गुंडाळला.) शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. त्याचे घर गावाबाहेरच्या पालावर. तो म्हणाला, “गावात चोरी झाली की आधी आमच्या पालावर येतात. आमच्या मनात काय आहे ते त्यांना आधीच ठाऊक असतं. त्यांना कशाला पाहिजे मनकवडा?”

वर्ग हसला. परंतु या कादंबरीवरचे इतके नेमके मत मी दुसरे ऐकलेले नाही. पहिल्या दोघांचा वाद मन वाचता येते की नाही, आले तर फायदा किती, एवढ्यापुरता होता. या मुलाने विचारले ते वेगळेच. कोण कोणाचे मन वाचणार? वाचणाऱ्याच्या जागी आपण बसणार की वाचल्या जाणाऱ्याच्या? हेरकथेचा वाचक पान उघडताच नकळत वाचणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो. लेखकाने त्याला तिथे बसवलेलेच असते. ज्याला आयुष्यात ती जागा कधी मिळालेली नाही तोच वाचक तिथून उठून उभा राहतो आणि प्रश्न विचारतो.

आपल्या भाषेत ‘मनकवडा’ हा कौतुकाचा शब्द आहे. पण हे कौतुक कोणाच्या वाट्याला येते ते पाहावे. मालकाच्या मनातले न सांगता ओळखतो तो गडी मनकवडा. सासूने तोंड उघडण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे करते ती सून मनकवडी. मालकाला गड्याचे मन ओळखावे लागत नाही. ओळखले नाही म्हणून त्याचे काही बिघडतही नाही. आमच्या घरात पदवी माझ्या पिढीत आली. आजी वाड्यावर शेण काढायला जायची. वहाणांच्या आवाजावरून वाड्यातल्या माणसाचा आजचा राग तिला कळायचा आणि त्या अंदाजाने ती उंबऱ्यापासून किती हात दूर उभे राहायचे ते ठरवायची. ही अतींद्रिय शक्ती नव्हे. भाकरी आणि पाठ दोन्ही शाबूत ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली ती सावधगिरी होती.

गावगाड्याने ही विद्या वापरूनही घेतली. वेशीवर बसून आल्यागेल्यावर नजर ठेवणारा वेसकर, रात्रीचा पहारा, चोराचा माग काढणे, सरकारी निरोप पोचवणे, शिवेच्या वादात साक्ष देणे ही महाराची वतनी कामे होती. म्हणजे गावाचे हेरखाते बिनपगारी महारवाड्याकडेच होते. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले ते ही वेठ मोडण्यासाठी. नंदीबैलवाल्याची विद्याही याच जातीची. “पाऊस पडेल का?” म्हटले की बैल मान हलवतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते नंदीवाला वाचत असतो. ज्यांनी खरोखर लोकांची मने वाचून पोट भरले त्यांना पसाभर धान्य मिळाले. कादंबरीतल्या मनकवड्याला हुद्दा मिळतो. हा फरक लेखकाच्या कल्पनेतून येत नाही, समाजाच्या रचनेतून येतो.

आता पालावरच्या मुलाच्या वाक्याकडे पुन्हा वळू. माणसाच्या मनात गुन्हा जन्मतःच असतो असे कायद्याने मानण्याचा काळ या देशात होऊन गेला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जात लिहिली की मन वाचून झाले, असा तो कारभार होता. दिवसाची हजेरी, रात्रीची हजेरी, परगावी जायला परवाना. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली आणि तिला सुधारणा म्हटले गेले. बेस्टरच्या ‘डिमॉलिशन’लाही कादंबरीत सुधारणाच म्हटले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कायदा गेला, वाचण्याची सवय राहिली. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त हजेरीचा जाच आहे आणि लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त पोलिसांची धाड. या दोन्ही पुस्तकांत कोणत्याही रहस्यकथेइतकी उत्कंठा आहे, पण ती पाठलाग होणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे.

बेस्टरला हे काहीच दिसले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच्या मनकवड्यांचा एक संघ आहे. संघात पहिला, दुसरा, तिसरा असे दर्जे आहेत. कोण मनाच्या किती खोल उतरतो यावर ते ठरतात. संघाच्या दारावर परीक्षा आहे. रांगेतल्या सर्वांना मनातल्या मनात एक सूचना दिली जाते, ज्याला ती ऐकू येते तो बाजूच्या दाराने आत जातो. इथपर्यंत गुणवत्ता आहे. पण मनकवड्याने मनकवड्याशीच लग्न केले पाहिजे असाही नियम आहे. हा नियम सांगितला तेव्हा वर्गातल्या दोन-तीन मुली एकदम म्हणाल्या, “म्हणजे जातच की सर!” १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे असे दाखवून दिले. या मुलींनी तो निबंध वाचलेला नव्हता. त्यांना ते घरात ठाऊक होते.

पुढे जेरी चर्च हे पात्र येते. संघाचा नियम मोडल्याबद्दल त्याला वाळीत टाकलेले आहे. कोणताही मनकवडा त्याच्याशी मनाने बोलत नाही. गहाणवटीचे दुकान चालवत तो एकटा जगतो, आणि त्या एका शब्दासाठी इतका तहानलेला असतो की संघात परत घ्यावे म्हणून काहीही करायला तयार होतो. बहिष्काराचे हे चित्र बेस्टरने सहानुभूतीने रेखाटले आहे. तरी त्याची दृष्टी एका जागी थांबते. संघ कठोर असला तरी त्याचे पुढारी सज्जन आहेत, त्यांच्या हाती दुसऱ्याचे मन सुरक्षित आहे, एक दिवस ते सर्वांनाच आपल्यासारखे करतील, असा त्याचा विश्वास आहे. वरच्याच्या सज्जनपणावर भरवसा ठेवून थांबा, हा उपदेश आपल्या समाजाने फार ऐकला आहे.

कादंबरीतली सर्वांत मोलाची जागा निराळीच आहे. खुनाआधी राइक प्रतिस्पर्ध्याला भागीदारीचा सांकेतिक निरोप पाठवतो. उत्तर येते, ते होकाराचे असते. राइक ते नकार म्हणून वाचतो, कारण त्याला मनातून खूनच करायचा असतो. मने वाचणाऱ्यांच्या जगात एक साधा लिहिलेला होकार वाचला जात नाही. द्वेष आधी ठरलेला असला की समोरच्याचा शब्द कितीही स्वच्छ असो, तो नकार म्हणूनच वाचला जातो. पाणी मागणाऱ्याला अपमान करायला आलेला समजणारे गाव यापेक्षा वेगळे काय करते?

हे सारे कल्पनेतले, असे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाटले. परंतु मन वाचण्याचा दावा आपल्याच राज्यात न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला आणि जगभर त्यावर चर्चा झाली. नार्को, खोटे पकडणारे यंत्र, मेंदूचा आलेख या चाचण्या तपासात रुळू लागल्या होत्या. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की माणसाच्या संमतीविना अशी चाचणी करता येणार नाही. आधार होता संविधानाच्या कलम २०(३)चा, म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही या हक्काचा, आणि कलम २१चा. पॉवेलला जी मर्यादा त्याच्या काल्पनिक न्यायालयाने घातली ती आपल्याला संविधानाने दिलेली आहे. हा हक्क वकील लावू शकणाऱ्यापेक्षा पालावरच्या माणसाला अधिक लागतो. अडचण एवढीच की संमती कोणाची खरी मानायची. कोठडीत एकट्या बसलेल्या माणसाचे ‘हो’ हे किती ‘हो’ असते, हा प्रश्न अजून जागेवरच आहे.

जनावरांच्या बाजारात सौदा करण्याची एक जुनी रीत आहे. दोघांचे हात उपरण्याखाली जातात, बोटे दाबून भाव सांगितला जातो आणि भोवतालच्या गर्दीला काही कळत नाही. या रीतीत लबाडीला जागा आहे हे खरे. पण तिच्यात एक तत्त्वही आहे. सौदा करणाऱ्या दोघांची मने सारखीच झाकलेली असतात. ज्याच्या घरी कर्ज थकले आहे, ज्याच्या डोळ्यांतून ते दिसते, त्याचा भाव मात्र उपरणे टाकण्याआधीच ठरतो. मन झाकून ठेवता येणे ही सुद्धा एक मालमत्ता आहे आणि तिचीही वाटणी विषम झालेली आहे.

म्हणून दलित आत्मकथनांचे महत्त्व मला या बाजूनेही वाटते. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली. त्या आधी आमच्या मनात काय आहे हे इतरांनीच लिहून ठेवले होते, कोणी दयेने तर कोणी संशयाने. या लेखकांनी आपले मन आपल्या हाताने, आपल्याला हवे तेव्हा आणि हवे तेवढे उघडले. चाचणीच्या टेबलावर काढून घेतलेला कबुलीजबाब आणि स्वतःहून सांगितलेली हकीकत यांत शब्द कदाचित तेच असतील. पहिल्यात माणूस पुरावा असतो, दुसऱ्यात तो साक्षीदार असतो.

रहस्यकथा वाचू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती वाचावी, रात्र जागून वाचावी. मात्र मनकवडा नायक पुढच्या दारावर थाप मारील तेव्हा ते दार कोणत्या वस्तीतले आहे ते पाहून ठेवावे. मराठीत हेरकथा लिहिणाऱ्यांनीही एकदा तरी दाराच्या आतल्या बाजूने लिहून पाहावे. शेवटच्या बाकावरच्या मुलाजवळ ती गोष्ट आहे. ती त्याच्याकडून काढून घेण्याची घाई मात्र कोणी करू नये. तो सांगेल तेव्हा ऐकायला आपण जागेवर असावे.