स्थलनामांचे एकगठ्ठा नामांतर आणि निसर्गनोंदींचे प्रामाण्य

पक्षी, फुलपाखरे, वनस्पती यांच्या आढळाच्या नोंदी ज्या संकेतस्थळांवर आज साठविल्या जातात, त्यांपैकी काहींनी नोंदकर्त्यास एक सोय दिलेली आहे. अनेक नोंदींचे स्थलनाम त्यास एकाच वेळी बदलता येते. ही सोय उपयुक्त आहे हे निःसंशय. पुण्यातील एकच पाषाण तलाव कोणी ‘पाषाण लेक’ म्हणून, कोणी ‘पाशाण तळे’ म्हणून, तर कोणी केवळ अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांनी नोंदवितो. अशा शेकडो नोंदी एकेक करून दुरुस्त करणे हौशी निरीक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तथापि सोयीच्या समर्थनात एक गृहीत दडलेले असते. स्थलनाम ही नोंदीवरील केवळ चिठ्ठी होय, तिच्या बदलाने नोंदीच्या आशयास बाध येत नाही, असे ते गृहीत. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

त्यासाठी वनपिंगळ्याचे उदाहरण घ्यावे. इतके बोधप्रद दुसरे क्वचितच सापडेल. ह्यूमने १८७३ मध्ये वर्णिलेला हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी मोजक्याच नमुन्यांवरून ज्ञात होता. त्यांपैकी बरेचसे नमुने जेम्स डेव्हिडसन याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळविलेले. त्यानंतर विश्वसनीय पुरावा असा नव्हता. होता तो फक्त रिचर्ड माइनर्टझहागेन याच्या संग्रहातील एक नमुना, ज्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल आणि गुजरातेतील मांडवी हे स्थळ लिहिलेले होते. पुढील काही शोध ह्याच चिठ्ठीवर विसंबून झाले आणि व्यर्थ गेले. पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये सप्रमाण दाखवून दिले की, हा नमुना वस्तुतः डेव्हिडसनचाच असून तो चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. तत्पूर्वी नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग, रासमुसेन आणि डेव्हिड ॲबट यांना तो पक्षी शहाद्याजवळ, म्हणजे डेव्हिडसनच्याच प्रदेशात, जिवंत आढळला होता.

माइनर्टझहागेनचे कृत्य लबाडीचे होते, एकगठ्ठा नामांतर करणारा नोंदकर्ता प्रामाणिक असतो. दोघांना एका पारड्यात घालण्याचे कारण नाही. येथे महत्त्वाचे आहे ते निराळेच. ती लबाडी उघडकीस का येऊ शकली? चिठ्ठीखाली कातडे होते म्हणून. ते भरण्याची डेव्हिडसनची विशिष्ट धाटणी क्ष-किरणांखाली ओळखता आली. संकेतस्थळावरील नोंदीस, विशेषतः छायाचित्र नसलेल्या पक्षियादीस, असे कातडे नसते. तेथे चिठ्ठी हाच नमुना. ती पुसून दुसरी लिहिली की तपासण्याजोगे खाली काही उरत नाही.

अक्षांश-रेखांश तर राहतातच, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु नोंदकर्त्याने नकाशावर टोचलेला बिंदू अनेकदा अंदाजाचा असतो आणि त्याने लिहिलेले नावच त्या बिंदूची चूक दाखवून देते. नाव व बिंदू हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. एकाची जबानी दुसऱ्याच्या सोयीने बदलली तर विसंगती नाहीशी होते, पण सत्य हाती लागत नाही. ‘मांडवी’ हेच नाव पाहावे. तापीकाठचे मांडवी, कच्छातील बंदर, मुंबईतील वस्ती आणि गोव्यातील नदी ह्या सर्वांस ते लागू पडते. ‘बाँबे’ची गोष्ट तर अधिकच बिकट. जुन्या नोंदीत ते शहराचे नाव असेल किंवा इलाख्याचे; आणि त्या इलाख्यात १९३६ पर्यंत सिंधही मोडत होता. तेथे सरसकट ‘मुंबई’ लिहिणारा सिंधमधील पक्षी मलबार हिलवर आणून बसवील.

शासकीय नामांतराने हा मोह वाढतो. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. शहाद्याजवळील १९९७ च्या नोंदीत ‘नंदुरबार जिल्हा’ असे आज कोणी घातले, तर ठिकाण बिनचूक राहूनही नोंद कालविपर्यस्त होते.

ईबर्डची रचना या दृष्टीने सदोष म्हणावी लागते. तेथे याद्या स्थळास जोडलेल्या असल्याने स्थळाचे नाव बदलताच त्याखालील सर्व याद्यांवर नवे नाव येते. दोन स्थळे एकत्र केल्यास तो बदल मागे घेता येत नाही. आयनॅचरलिस्टवर प्रत्येक नोंद आपले निर्देशांक, अचूकतेची मर्यादा व स्थलनाम स्वतंत्रपणे बाळगते, ही व्यवस्था अधिक सुज्ञ. पण तेथेही अनेक नोंदी निवडून त्यांचे स्थळ एका दमात बदलता येते.

उपाय अज्ञात आहे असेही नव्हे. एच. सी. वॉटसन याने १८५२ मध्ये ग्रेट ब्रिटनचे ११२ उपपरगणे कल्पिले; शासकीय सीमा १९७४ मध्ये मोठ्या प्रमाणावर हलल्या तरी तेथील वनस्पतिनोंदी त्याच अचल चौकटीत बसविल्या जातात. डार्विन कोअर या २००९ मध्ये मान्य झालेल्या नोंदप्रमाणातही मूळ शब्दांतील स्थलनाम आणि संस्कारित स्थलनाम यांसाठी दोन वेगळे रकाने आहेत. पहिला रकाना नोंदकर्त्याच्या लेखणीतून उतरला तसा राखावयाचा. दुसऱ्यात कितीही वेळा, कितीही गठ्ठ्यांनी दुरुस्ती करावी. ‘पाशाण तळे’ पहिल्यात राहील, ‘पाषाण तलाव, पुणे’ दुसऱ्यात येईल. शोध घेणाऱ्यास दुसरा पुरतो, शंका घेणाऱ्यास पहिला लागतो. संकेतस्थळांच्या चालकांनी नामांतराची कळ देताना हा पहिला रकाना नोंदकर्त्यासमोर मांडलेला दिसत नाही. तो मांडावयास फार मोठा खर्च पडेल असे मानण्यास आधार नाही.