महानगर कुठे संपते? नागरी समूहाच्या व्याख्येची चिकित्सा

भारतातील सर्वांत मोठे महानगर कोणते? 2011च्या जनगणनेनुसार उत्तर आहे बृहन्मुंबई: सुमारे 1 कोटी 84 लाख. दिल्ली 1 कोटी 63 लाखांवर दुसरी. संयुक्त राष्ट्रांच्या 2018च्या अहवालात मात्र दिल्ली 2 कोटी 85 लाख आणि मुंबई 2 कोटी. सात वर्षांतील वाढीने एवढा फरक पडत नाही. मोजणी वेगळी आहे.

जनगणनेचा ‘नागरी समूह’ म्हणजे एकमेकांना लागून पसरलेली शहरे आणि त्यांची वाढीव वस्ती. त्यात किमान एक वैधानिक शहर असावे आणि एकूण लोकसंख्या 20,000हून कमी नसावी. कसोटी संलग्नतेची आहे. माणसे कुठून कुठे कामाला जातात, याची नाही. शिवाय समूहांची यादी राज्यनिहाय होत असल्याने प्रत्यक्षात समूह राज्याची सीमा ओलांडत नाही. म्हणून गाझियाबाद (23 लाखांच्या वर), फरिदाबाद (सुमारे 14 लाख), गुरुग्राम (सुमारे 9 लाख) आणि नोएडा (6 लाखांच्या वर) दिल्लीबाहेर राहतात. 2011चेच हे आकडे दिल्लीत मिळवून पाहा: बेरीज 2 कोटी 15 लाखांच्या आसपास जाते आणि क्रम उलटतो. संयुक्त राष्ट्रांनी ही लगतची शहरे दिल्लीत धरली आहेत, एवढेच.

मुंबईवरही अन्याय झालाच आहे. नवी मुंबई ठाण्याला जमिनीने जोडलेली, म्हणून समूहात आहे. वसई-विरार (सुमारे 12 लाख) मात्र बाहेर, स्वतंत्र शहर. विरार लोकलमध्ये सकाळी दाराला लोंबकळणाऱ्याला हे सांगून पाहावे!

व्याख्येच्या तळाशी आणखी एक गाठ आहे. एखादे गाव ‘जनगणना शहर’ ठरण्यासाठी 5,000 लोकसंख्या, दर चौ.कि.मी. 400 घनता आणि किमान 75 टक्के पुरुष मुख्य कामगार बिगरशेती कामात, या अटी आहेत. स्त्रियांचे काम इथे हिशेबातच नाही. अशी शहरे 2001मध्ये 1,362 होती, 2011मध्ये 3,894 झाली. जनगणनेच्या लेखी ती शहरी, पण कारभार सहसा ग्रामपंचायतीकडेच. राज्यघटनेतील ‘महानगर क्षेत्र’ (अनुच्छेद 243त) आणखी निराळे: दहा लाख लोकसंख्या हवी, आणि राज्यपालांची अधिसूचनाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. 15व्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील नागरी समूहांसाठी हवा, पाणी व स्वच्छतेचा निधी वेगळा ठेवला. रेषेच्या आत कोण, यावर पैसा ठरतो. धूर मात्र राज्याची सीमा पाळत नाही.

अमेरिकेत कौंटी हा घटक धरून, तिथले 25 टक्के कामगार मध्यवर्ती कौंटीत कामाला जात असतील तर ती महानगरात घेतात. त्यामुळे न्यूयॉर्कचे महानगर न्यू जर्सीतही पसरते. ही पद्धत निर्दोष नाही: कौंट्या अवाढव्य असल्याने कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोच्या महानगरात मोहावी वाळवंटाचा मोठा भागही येतो. तरीही प्रश्न योग्य विचारलेला आहे.

आपण तो अर्धाच विचारला. 2011च्या पत्रिकेत शेती व घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांना कामाचे ठिकाण किती दूर आणि प्रवास कशाने, हे विचारले होते. ते ठिकाण कोणत्या शहरात, याचा रकाना नव्हता.