गेमची वर्गणी आणि मेसचा खाडा : माझ्या पहिल्या आराखड्याची चिरफाड

आरआरसीसमोर जाण्याआधी लिहिलेल्या माझ्या पहिल्या संशोधन आराखड्याची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर मुख्य प्रश्न असा : ‘ऑनलाइन मल्टिप्लेयर गेम्सनी मासिक शुल्क आकारावे का?’ त्याच्या बाजूला माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलने तीनच शब्द लिहिलेत : कोणी? कोणाकडून? कशाबद्दल?

तेव्हा राग आला होता. प्रश्न इतका स्पष्ट असताना हे काय विचारतायत, असं वाटलं. दुसऱ्याच्या पेपरमधल्या चुका काढायला आपण लवकर शिकतो. स्वतःचं लिखाण त्याच निर्दयपणे वाचायला वेळ लागतो. म्हणून आज माझाच आराखडा तुमच्यासमोर ठेवतोय. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा पहिला आराखडा लिहायला बसला असाल, तर या चुका तुमच्याही कागदावर असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी हा विषय मी का घेतला ते सांगतो. माझा मावसभाऊ नववीत असताना मोबाइलवर एक ‘फुकट’ गेम खेळायचा. पैसे मावशीच्या फोनवरून जायचे. कधी ४९ रुपये, कधी ९९. बँकेचं पासबुक भरून आणलं तेव्हा एकूण आकडा बघून मावशी खुर्चीत बसली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “महिन्याचे ठरवून मागितले असते ना, तर मी दिले असते.” हे वाक्य डोक्यात बसलं आणि मी आराखडा लिहिला. म्हणजे उत्तर आधीच ठरलं होतं : मासिक शुल्क चांगलं, फुकट वाईट. पुरावा मी नंतर गोळा केला. पहिली चूक हीच, आणि बाकीच्या तिच्या पोटातून आल्या.

उदाहरण म्हणजे कारण नव्हे

मासिक शुल्काच्या विरोधकांचा लाडका युक्तिवाद असा : ही पद्धत बाजाराने नाकारली. दाखला म्हणून ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ देतात. डिसेंबर २०११ मध्ये हा गेम महिना १४.९९ डॉलर शुल्क ठेवून सुरू झाला आणि वर्षही पूर्ण व्हायच्या आत, नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्याला फुकट खेळण्याचा पर्याय आणावा लागला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ २००७ मध्ये शुल्कावर सुरू झाला आणि २०१० मध्ये त्याच वाटेने गेला.

याला उत्तर म्हणून मी ‘फायनल फँटसी १४’ पुढे केला होता. हा गेम २०१० मध्ये आला तेव्हा इतका फसला की कंपनीला बराच काळ मासिक शुल्क घेणंच थांबवावं लागलं. २०१२ मध्ये तो बंद केला, जवळजवळ नव्याने बांधला आणि २०१३ मध्ये पुन्हा आणला, तोही मासिक शुल्कासह. तो चालला, आणि आजही चालतोय. ‘बघा, शुल्क चालतं!’ असं मी ठणकावून लिहिलं होतं.

आता हे दोन परिच्छेद पुन्हा वाचा. दोन्ही बाजू एकच गोष्ट करतायत : आपल्याला हवं ते उदाहरण उचलणं. ‘ओल्ड रिपब्लिक’चे खेळाडू शुल्कामुळे गेले, की नवी कथानकं पुरेशा वेगाने येत नव्हती म्हणून? ‘फायनल फँटसी’ शुल्कामुळे टिकला, की नव्याने बांधल्यामुळे? त्याची जुनी आवृत्ती तर शुल्क न घेतानाही पडली होती! गेमचा दर्जा आणि पैसे घेण्याची पद्धत एकत्र बदलत असतील, तर परिणाम कोणाच्या खात्यावर टाकायचा? मला हे वेगळं करता येत नव्हतं, आणि आराखड्यात ते वेगळं करण्याची कुठलीही सोय मी ठेवली नव्हती.

आकडा कोणी मोजला?

माझ्या आराखड्यातलं सगळ्यात दिमाखदार वाक्य ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’बद्दल होतं : ‘२०१० मध्ये १ कोटी २० लाख लोक दरमहा आनंदाने शुल्क भरत होते.’ यात आकडा खरा आहे, कंपनीनेच जाहीर केलेला. बाकीचं वाक्य माझ्या मनाचं.

चीनमध्ये त्या काळात हा गेम महिन्यावर नव्हे, तासावर चालायचा. ३० युआनचं कार्ड घेतलं की ६६ तास ४० मिनिटं मिळत, म्हणजे तासाला ०.४५ युआन. चीनमधले हे खेळाडूही ‘वर्गणीदार’ म्हणूनच मोजले जात. नेट कॅफेत बसून खेळणाऱ्यांसाठी तर ‘ठरावीक दिवसांत एकदा तरी खेळला असेल तर धरा’ असा कंपनीचा नियम होता. व्याख्या त्यांच्या अहवालात छापलेली होती. मी ती वाचलीच नव्हती.

पुढचा धडा आणखी कडू आहे. २०१५ मध्ये ही संख्या ५५ लाखांवर आली आणि त्यानंतर कंपनीने ती जाहीर करणंच थांबवलं. म्हणजे ज्या वर्षांचा आलेख मला सगळ्यात जास्त हवा होता, त्या वर्षांचा आलेखच नाही. आपल्याला मिळणारी माहिती बहुधा कोणीतरी, कशासाठी तरी, दाखवायला काढलेली असते. आकड्याखाली स्रोत लिहिला म्हणजे काम झालं, असं समजू नका. व्याख्या लिहा, आणि तो आकडा कधीपासून कधीपर्यंत मिळतो तेही लिहा.

गंमत म्हणजे चांगला प्रश्न याच दुर्लक्षित तपशिलात दडला होता. गेम तोच, राक्षस तेच, नकाशा तोच. एका देशात तासाला पैसे, दुसऱ्यात महिन्याला. दर्जाचा गोंधळ इथे बराच कमी होतो. देशादेशांतले फरक उरतातच, पण निदान दोन वेगळे गेम घेऊन तुलना करावी लागत नाही.

फुकट गेम काय विकतो?

मावशीच्या पासबुकाकडे येऊ. महिन्याचं शुल्क घेणारा गेम तुम्हाला वेळ विकतो. फुकट गेमला काहीतरी दुसरं विकावं लागतं : पोशाख, वाट बघण्यातून सुटका, किंवा नशीब. नशीब विकण्याचं साधन म्हणजे लूट बॉक्स. आधी पैसे द्या, आत काय आहे ते मग कळेल. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही गेम्समधले असे विकतचे बॉक्स तिथल्या जुगार कायद्यात बसतात, असा निर्णय दिला. त्याच वर्षी झेंडल आणि केर्न्स यांनी ७,४२२ खेळाडूंचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. लूट बॉक्सवर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराच्या समस्येची तीव्रताही जास्त आढळली.

मी लिहिलं होतं, ‘लूट बॉक्समुळे जुगाराचं व्यसन लागतं हे सिद्ध झालं आहे.’ नाही झालं. तो सहसंबंध आहे. ज्यांना जुगाराची ओढ आधीच आहे ते लूट बॉक्सवर जास्त खर्च करत असतील, हेही तितकंच शक्य आहे, आणि लेखकांनी स्वतः ही शक्यता मांडली आहे. तरी एक लक्षात घ्या. कुठलीही दिशा खरी निघाली, तरी कंपनीच्या हिशेबातला मोठा पैसा अडचणीत असलेल्या माणसाकडून येतोय, ही काळजी उरतेच. दावा कमी केला म्हणून मुद्दा लहान होत नाही; उलट तो टिकतो.

वर्गणीही सोवळी नाही

आता ज्या बाजूचा मी वकील होऊन बसलो होतो, ती तपासू.

वर्तन-अर्थशास्त्रातला एक गाजलेला पेपर आहे, डेलाविन्या आणि माल्मेंडियर यांचा, २००६ चा. विषय गेम नाही, जिम आहे. दहा वेळा येण्याचा पास घेतला तर एका भेटीला १० डॉलर पडत. तरी लोक मासिक सदस्यत्व घेत, आणि प्रत्यक्ष हजेरी बघता त्यांना एक भेट १७ डॉलरहून महाग पडे. जिमला जाणं बंद झाल्यावरही सदस्यत्व रद्द करायला सरासरी दोन महिन्यांहून जास्त लागत. ‘उद्यापासून नक्की’ ही भाषा अमेरिकेतही चालते तर!

म्हणजे मासिक शुल्क वेळ विकतं हे अर्धसत्य झालं. ते आपला आळसही विकतं. आणि ज्याला वेळ विकायचा आहे तो वेळ ताणायलाही शिकतो : रोजची ठरावीक कामं, आठवड्यातून एकदाच मिळणारं बक्षीस. ‘फायनल फँटसी १४’चे दिग्दर्शक नाओकी योशिदा जाहीरपणे सांगत आलेत की कंटाळा आला तर खुशाल थांबा, दुसरे गेम खेळा, नवीन काही आलं की परत या. ऐकायला छान. पण त्याच गेममध्ये तुम्ही घेतलेल्या घरात ४५ दिवस पाऊल ठेवलं नाही, तर घर पाडलं जातं. घरांसाठीची जागा कमी, हे कारण खरं आहे. तरी घर राखायचं तर वर्गणी चालू ठेवा, असाच त्याचा अर्थ होतो.

‘वर्गणी दिली की वर दुकान लागत नाही’ हाही माझा भाबडेपणा होता. ‘वॉरक्राफ्ट’ने महिन्याचं शुल्क घेत असतानाच २०१० मध्ये बसायला एक चमकता घोडा २५ डॉलरला विकला. २०१५ मध्ये गेममधलं सोनं खऱ्या पैशांत मिळवून देणारं टोकन आणलं. एक शक्यता मला दिसते : अमेरिकेतला मासिक दर २००४ पासून १४.९९ डॉलरच राहिला. महागाईने तो आतून आकसत गेला, आणि दुकानाने ती तूट भरली. हा माझा तर्क आहे, निष्कर्ष नव्हे. तुमच्या आराखड्यात या दोघांना एका ओळीत बसवू नका.

आणि सगळ्यात मोठा आक्षेप मी टाळलाच होता. १५ डॉलर म्हणजे आपल्याकडे बाराशे रुपयांच्या वर. लातूरच्या वसतिगृहातल्या मुलाला आणि कॅलिफोर्नियातल्या नोकरदाराला एकच दर लावला, तर पहिला दारातच अडतो. त्यात मल्टिप्लेयर गेममध्ये इतर खेळाडू हाच मालाचा भाग असतो. शंभर जणांच्या मैदानात ऐंशी फुकटे नसतील, तर पैसे देणारे वीस जण लढणार कोणाशी? त्या अर्थी फुकट खेळणाराही काहीतरी देतोच. फक्त त्याची पावती कोणी फाडत नाही.

मग माझं उत्तर काय?

मेसमध्ये जेवलेल्यांना खाडा समजावून सांगायला नको. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, पण गावी जायचं असेल तर आधी सांगायचं. तेवढ्या दिवसांचे पैसे कमी होतात. आमच्या मेसमध्ये सलग तीन दिवस नसलात तरच खाडा मिळे, आणि काकू वहीत तारीख लिहून घेत. मावशीच्या वाक्यात मला तेव्हा फक्त ‘महिन्याचे’ ऐकू आलं होतं. ‘ठरवून’ हा शब्द माझ्या कानावरून गेला.

मेस आणि गेम यांत फरक आहे, हे मान्य. तुम्ही नसलात तर काकूंच्या चार पोळ्या वाचतात. सर्व्हरचं बिल मात्र तुम्ही न आल्याने फारसं कमी होत नाही. म्हणून गेम कंपनी आपण होऊन खाडा देणार नाही, तो मागावा लागेल. पण तो अशक्य नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘फायनल फँटसी १४’च्या सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की लोक तासन्‌तास रांगेत अडकले, कंपनीने नव्या प्रती विकणं काही आठवडे थांबवलं आणि जुन्या वर्गणीदारांना जादा दिवस फुकट दिले. हाही एक खाडाच. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी मिळावी लागते. जिमच्या पेपरमधल्या आळसावर हा साधा उतारा आहे.

तर माझं आजचं मत असं. ज्या गेममध्ये सतत वाढणारं, सांभाळावं लागणारं जग आहे, त्याने मासिक शुल्क जरूर घ्यावं. पण थांबवता येणारं, आधी सूचना देणारं, देशातल्या कमाईशी सुसंगत, आणि वर नशीब न विकणारं. अर्ध्या तासाच्या लढतींचा, गर्दीवर चालणारा गेम असेल, तर दार फुकट राहू द्यावं. तिथे शुल्कापेक्षा लूट बॉक्सवर बंधन हवं. हे मत आहे. संशोधनाचा प्रश्न वेगळा, आणि चौथ्या खर्ड्यात तो असा झाला : ‘त्याच गेममध्ये तासावरून महिन्यावर आकारणी बदलल्यास खेळाडूच्या खेळण्याच्या वेळेत आणि एकूण खर्चात काय फरक पडतो?’ कोणी, कोणाकडून, कशाबद्दल, तिन्ही आत आली. ‘आकारावे का’ बाहेर गेलं. ते माझ्या मनात आहेच, आणि असू दे. त्याच्याशिवाय हा विषय मी चार वर्षं ओढला नसता.

आता तुमचा आराखडा काढा. प्रश्नात ‘पाहिजे का’, ‘योग्य आहे का’ असं काही असेल तर खाली रेघ मारा. शेजारी लिहा की तुम्हाला कुठलं उत्तर आवडेल. मग त्या उत्तराला अडचणीत आणणारा सगळ्यात सशक्त पुरावा शोधा आणि तो पहिल्या पानावर घ्या. मला माझा जिमचा पेपर सापडायला दीड वर्ष लागलं. तो ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून होता. मी फक्त ‘गेम’ हा शब्द टाकून शोधत होतो.